कुत्र्यासाठी विश्वासू माणूस हवा : पण विश्वास ठेवायचा कुणी कुणावर?

काही दिवसांपूर्वी आमच्या घाटंजीतल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरला. बाहेरगावाहून नोकरीनिमित्त आलेल्या एका कुटुंबाचा तो होता. लग्नासाठी आठ दिवस गावी जायचे होते आणि घरी लॅब्राडोर कुत्रा होता. निरोपात लिहिले होते : "कुत्र्याला दोन वेळा फिरवणारा, खाऊ-पिऊ घालणारा विश्वासू मुलगा पाहिजे. चांगल्या घरचा असावा."

आमच्या विहारात संध्याकाळी अभ्यासाला येणाऱ्या एका पोराने तो निरोप मला दाखवला. पोरगा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या घरी शेळ्या आहेत, दोन गावठी कुत्री आहेत, आणि जनावरांशी वागण्याची त्याला चांगली हातोटी आहे. तो म्हणाला, "दादा, काम तर मला जमते. पण हे 'चांगल्या घरचा' म्हणजे काय असते? आपलं घर चांगलं नाही काय?"

मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण प्रश्न आठ दिवसांच्या कामाचा नव्हता. कुत्रा, कुत्र्याला सांभाळणारा माणूस आणि 'विश्वासू' हा शब्द, या तिघांचा या देशातला इतिहास फार जुना आहे. तो माहीत नसेल तर हा निरोप साधा वाटतो. माहीत असेल तर त्यातले दोन शब्द टोचतात. म्हणून हा लेख.

कुत्रा आणि माणूस एकाच ओळीत

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला 51 वा श्लोक चांडाळ आणि श्वपच यांच्याबद्दल आहे. त्यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हीच त्यांची संपत्ती असावी, असे तो सांगतो. पुढचा श्लोक त्यांना प्रेतावरचे कपडे, फुटकी भांडी आणि लोखंडी दागिने नेमून देतो. 'श्वपच' या शब्दाचा अर्थच कुत्रे शिजवणारा. म्हणजे माणसाला नाव द्यायचे तेही कुत्र्यावरून.

तिसरा अध्याय त्याहून स्पष्ट आहे. 92 व्या श्लोकात गृहस्थाने जमिनीवर अन्न कुणासाठी ठेवावे त्याची यादी आहे : कुत्री, पतित, श्वपच, पापरोगी, कावळे आणि किडे. 239 व्या श्लोकात ब्राह्मण जेवत असताना कुणाची नजर पडू नये त्याची यादी आहे : चांडाळ, डुक्कर, कोंबडा, कुत्रा, रजस्वला स्त्री आणि नपुंसक. यादी करणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते यादीच सांगते. त्याला कुत्रा आणि माणूस वेगळे दिसतच नाहीत.

आता कुणी म्हणेल, हे जुने झाले, आता कोण मनुस्मृती वाचतो? मित्रांनो, वाचणारे फारसे कुणी तेव्हाही नव्हते. ती वाचावी लागत नाही, ती अंगवळणी पडते. उरलेले अन्न कुणाला द्यायचे, कुणाला दारात थांबवायचे, कुणाच्या हातात पाणी वरून ओतायचे, हे गावातल्या निरक्षर माणसालाही पाठ होते.

आणि याच समाजाला कुत्र्याबद्दल प्रेम नव्हते असेही नाही. संत नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्याच काळातले चोखोबा मात्र देवळाबाहेरच उभे राहिले आणि 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून तिच्याखाली गेले. जी भिंत त्यांना बाहेर ठेवत होती, तीच बांधताना. त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या त्या नामदेवांनीच, अशी परंपरा सांगते. तेव्हा दोष नामदेवांचा नाही. ज्या समाजाने तुपाच्या वाटीची गोष्ट लक्षात ठेवली आणि भिंतीची विसरली, त्या समाजाचा आहे.

राखणीचा पहिला करार

बाबासाहेबांनी 1948 मध्ये 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलेला आहे. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा त्यातला एक मुख्य प्रश्न. त्याचे बाबासाहेबांनी दिलेले उत्तर आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी. माणूस शेती करून एका जागी राहू लागला तेव्हा काही टोळ्या स्थिर झाल्या, काही भटक्या राहिल्या. भटक्या टोळ्या गावांवर हल्ले करीत, धान्य आणि जनावरे लुटीत. स्थिर झालेल्यांना राखणदार हवे होते. दुसरीकडे टोळीयुद्धात पराभूत होऊन विखुरलेली माणसे होती. बाबासाहेब त्यांना 'ब्रोकन मेन' म्हणतात, म्हणजे वाताहत झालेली माणसे. त्यांना अन्न आणि आसरा हवा होता. दोघांची गरज जुळली आणि सौदा झाला. वाताहत झालेल्यांनी गावाची राखण करायची, गावाने त्यांना अन्न आणि राहायला जागा द्यायची. ते वेगळ्या टोळीचे, आणि राखण वेशीवरूनच होणार, म्हणून जागा वेशीबाहेर. अस्पृश्यता त्यानंतर फार उशिरा आली, असे बाबासाहेब म्हणतात. आधी बाहेरची वस्ती, मग विटाळ.

या मांडणीतली एक गोष्ट आपल्या तरुणांनी पक्की ध्यानात ठेवावी. बाबासाहेबांच्या मते आपल्या पूर्वजांचे गावाशी पहिले नाते विश्वासाचे होते. रात्री झोपताना गावाने आपला जीव, धान्य आणि गुरे ज्यांच्या भरवशावर सोडली ते हे लोक. अविश्वासू माणसाला कुणी वेशीवर बसवत नाही.

विश्वास होता, मोबदला नव्हता

पुढे हाच सौदा वतन झाला. वेसकर महार गावाच्या वेशीवर रात्रंदिवस राखण करायचा. शेताच्या शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जायची, कारण शीव पिढ्यान्पिढ्या त्याच्या पायाखालची. गावाचा वसूल सरकारी खजिन्यात पोचवायला त्याच्याच खांद्यावर द्यायचे. परका पाहुणा आला तर वाट दाखवायला तोच, अधिकारी आला तर त्याच्या घोड्यामागे धावायलाही तोच. मयताचा निरोप घेऊन रात्रीतून दुसऱ्या गावाला जायला तोच.

विचार करा. पैशाची थैली ज्याच्या खांद्यावर चालते, त्याच्या हातचे पाणी चालत नाही. ज्याच्या शब्दावर शेताची हद्द ठरते, त्याला गावाची हद्द ओलांडून आत घर बांधता येत नाही. यालाच मी म्हणतो, विश्वास होता पण मान नव्हता.

आणि मोबदला? ठरलेला पगार नाही. वतनाची तुटपुंजी जमीन, खळ्यावर मिळेल ते बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकर. कामाचे तास नाहीत. सुट्टी नाही. वतनदार घरी नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी कामावर ओढून नेत. म्हणजे चाकरी एकाची नाही, सगळ्या घराची. बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई विधिमंडळात 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच गुलामीविरुद्ध. कामाला निश्चित मोबदला द्या, आणि ज्याला वतन नको त्याला त्यातून मोकळे होऊ द्या, हा त्यातला गाभा. विधेयक त्या वेळी पार पडले नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा 1958 मध्ये झाला. तोवर 30 वर्षे गेली होती. कोल्हापुरात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्येच महार वतन मोडीत काढले होते.

आपला यवतमाळ जिल्हा 1928 मध्ये मुंबई इलाख्यात नव्हता. तो वऱ्हाडात होता, आणि वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताबरोबर चालत असे. कायद्याची कलमे वेगळी होती, चाकरीचा साचा तोच होता. आपल्याकडे त्या माणसाला कोतवाल म्हणत. ते पद आजही आहे. चतुर्थ श्रेणीचा दर्जा आणि पगार मिळावा म्हणून राज्यातल्या कोतवालांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. गावाचा सगळ्यात जुना विश्वासू माणूस, आणि त्याला कायम नोकरीच्या हक्कासाठी उपोषणाला बसावे लागते.

राखण करणे हलके नाही. कुत्र्याला फिरवणेही हलके नाही. कामाला हलके करतात त्या तीन गोष्टी : मोबदला ठरवायचा अधिकार नसणे, काम सोडायचा अधिकार नसणे, आणि ते काम जन्मावरून गळ्यात पडणे. जात म्हणजे श्रमाची विभागणी नव्हे तर श्रमिकांची विभागणी, असे बाबासाहेबांनी 1936 च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये म्हटले, त्याचा अर्थ हाच.

साहेबाच्या बंगल्यातला डोरिया

कुत्रा सांभाळायला पगारी माणूस ठेवण्याची पद्धत या देशात नवी नाही. इंग्रज साहेबांच्या बंगल्यावर कुत्र्यांसाठी वेगळा नोकर असे. उत्तरेत त्याला 'डोरिया' म्हणत. डोरी धरणारा तो डोरिया. आपल्या दोराशी नाते सांगणारा शब्द. 1781 च्या मार्च महिन्यात कलकत्त्याच्या 'इंडिया गॅझेट'मध्ये एक तक्रारवजा जाहिरात छापून आली होती : एका कॅप्टनचा कुत्रा सामानाच्या नावेतून चोरीला गेला, आणि चोर कोण, तर त्याला कलकत्त्याला घेऊन येणारा डोरियाच. म्हणजे कुत्र्यासाठी विश्वासू माणूस मिळत नाही ही ओरड सुमारे अडीचशे वर्षे जुनी आहे! त्या डोरियाची बाजू मात्र कुणी छापली नाही. त्याला पगार किती होता, तो वेळेवर मिळत होता का, हे त्या जाहिरातीत नाही.

मोठ्या साहेबाकडे डोरिया, पण बहुतेक साध्या बंगल्यांवर कुत्र्याचे काम सफाई करणाऱ्या मेहतराकडे असायचे. का? स्वयंपाकी, खिदमतगार, हमाल हे कुत्र्याला आणि त्याच्या थाळीला हात लावायला तयार नसत. कुत्रा विटाळलेला, म्हणून त्याचे काम ज्याला आधीच विटाळलेला ठरवले त्याचे. साहेब जात मानत नव्हता, पण त्याच्या बंगल्याचे काम जातीनेच वाटले जाई. त्याला ते सोयीचे होते. आज मोठ्या शहरांतल्या सोसायट्यांत कामवाल्या बाईला वेगळी लिफ्ट असते. काही ठिकाणी पाळीव प्राण्यांसाठी आणि कामगारांसाठी एकच वेगळी लिफ्ट असते. मनूची यादी आठवा. ती आता स्टीलच्या पाटीवर आली आहे.

घोडा चालतो, माणूस चालत नाही

प्राणी सांभाळणाऱ्या माणसाची आपल्या महाराष्ट्रातली एक खरी गोष्ट आहे. कोल्हापूरचे गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. राजाचे घोडे ज्याच्या हाती, तो किती विश्वासाचा माणूस! पण पागेतल्या पाण्याच्या हौदाला त्यांचा हात लागला आणि सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारले. घोड्याच्या अंगाला लागणारा हात चालतो, तोच हात पाण्याला लागला की पाणी बाटते.

महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना चाकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यशोधक हॉटेल' सुरू झाले. लोक तिथे चहा प्यायला बिचकत, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून, बरोबरच्या लवाजम्यासह, तिथला चहा पीत. पागेतला नोकर दुकानाचा मालक झाला, आणि ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते त्याच्या हातचा चहा राजा पिऊ लागला. गंगारामांना सहानुभूती सगळ्यांनीच दिली असती. महाराजांनी त्यांची जागा बदलली, आणि सुधारणा म्हणतात ती याला.

महाडचा संघर्षही याच मुद्द्यावर आला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये केला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरी तळ्यावर गुरे पाणी पीत होती, माणसे पिऊ शकत नव्हती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब त्या तळ्यावर गेले आणि ओंजळ भरली. चार वर्षांनी, 14 ऑगस्ट 1931 रोजी, मुंबईत मणिभवनात गांधीजींची भेट झाली. जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरापेक्षा वाईट वागवतात आणि प्यायला पाणी मिळत नाही, तो देश आणि तो धर्म मी माझा कसा म्हणू, असे बाबासाहेबांनी त्यांना तोंडावर विचारले.

म्हणजे आपण कुत्र्याचा राग करायचा का?

अजिबात नाही. आपल्यातले काही कार्यकर्ते 'कुत्रा पाळणे हा सवर्णांचा चोचला' असे बोलतात. त्यांनी एक जुना फोटो बघावा. फेब्रुवारी 1934, राजगृह. बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंत आहेत, लक्ष्मीबाई आहेत, पुतण्या मुकुंद आहे, आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी आहे. मणिभवनात तो प्रश्न विचारून तीन वर्षेही झाली नव्हती. त्या माणसाला कुत्र्याबद्दल राग नव्हता. माणसाला कुत्र्याखाली ठेवणाऱ्या व्यवस्थेबद्दल होता. हा फरक ज्याला कळला त्याला आपली चळवळ कळली.

तथागतांच्या परंपरेतही कुत्रा आहे. कुक्कुर जातकाची गोष्ट आपल्या विहारांत मुलांना सांगावी अशी आहे. वाराणसीच्या राजाचा रथ रात्री अंगणात राहिला, पावसाने त्याचे चामडे भिजले, आणि राजवाड्यातल्या पाळीव कुत्र्यांनी ते कुरतडून खाल्ले. नोकरांनी राजाला सांगितले की मोरीतून बाहेरची कुत्री आत आली आणि त्यांनी खाल्ले. राजाने हुकूम सोडला : दिसेल ते कुत्रे मारा. फक्त राजवाड्यातली सोडा. कुत्र्यांचा म्होरक्या, म्हणजे बोधिसत्त्व, थेट दरबारात गेला. त्याने राजाला विचारले, सगळीच कुत्री मारता की काही सोडता? आणि चोर कोण ते तपासले का? मग त्याने ताकात दर्भ कालवून राजवाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला सांगितले. त्यांना उलटी झाली आणि चामड्याचे तुकडे बाहेर पडले.

ही गोष्ट कुत्र्यांची आहे असे वाटते का? घरात काही हरवले की पहिला संशय कुणावर येतो? बाहेरून येणाऱ्यावर, वस्तीतल्यावर, 'चांगल्या घरचा' नसलेल्यावर. चामडे आतल्याने खाल्ले असले तरी मार बाहेरच्याला बसतो. त्यावर बोधिसत्त्वाने दिलेला उपाय रडण्याचाही नाही आणि शिवीगाळीचाही नाही. पुरावा मागा, तपासणी करा, आणि ती सगळ्यांची सारखी करा.

आपल्यासाठीही एक धडा

पण हा लेख फक्त दुसऱ्यांकडे बोट दाखवून संपवला तर तो अर्धाच राहील. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला 1929 चा चाळीसगावचा प्रसंग बघा. स्टेशनवरून महारवाड्यात जायला टांगा हवा होता. बाबासाहेबांना बसवून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याने पायी जाणे तिथल्या आपल्या लोकांना अपमानाचे वाटले. तोडगा असा निघाला की टांगा भाड्याने घ्यायचा आणि हाकायला आपलाच माणूस. त्या माणसाला टांगा हाकता येत नव्हता. वाटेतल्या पुलावर घोडा बुजला, चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

बाबासाहेबांनी त्यातून दोन्ही गोष्टी सांगितल्या. एक, साधा टांगेवालासुद्धा स्वतःला कुठल्याही अस्पृश्यापेक्षा, मग तो बॅरिस्टर का असेना, वरचा समजतो. दोन, आपल्या लोकांनी पाहुण्याच्या सुरक्षिततेपेक्षा मानाचा विचार जास्त केला. हे दुसरे वाक्य आपण सोयीने विसरतो. 'आपला माणूस' एवढ्यावर लगाम हातात देता येत नाही. 'चांगल्या घरचा' हे जसे विश्वासाचे प्रमाणपत्र नाही, तसे 'आपल्या समाजाचा' हेही नाही. विश्वास कौशल्यातून येतो, वागणुकीतून येतो आणि दोन्ही बाजूंनी पाळलेल्या शब्दातून येतो.

मग विश्वासू माणूस कसा शोधायचा?

आता आपल्यातही कुत्री पाळणारी घरे आहेत. नोकरदार जोडपी नागपूर-पुण्यात आहेत, आणि गावाकडची आपली पोरे तिथे हे काम करतात. तेव्हा दोन्ही बाजूंसाठी चार गोष्टी सांगतो.

ज्याला माणूस हवा, त्याने आडनाव विचारू नये. असे विचारावे : आधी कोणते जनावर सांभाळले आहे? कुत्रा अंगावर आला तर काय करशील? पट्टा सुटला तर? उन्हाळ्यात यवतमाळच्या डांबरी रस्त्यावर दुपारी कुत्र्याला नेशील का? जो म्हणेल, "नाही, पाय भाजतात, सकाळी लवकर नाहीतर दिवस बुडल्यावर नेईन," त्याला काम कळते. किल्ली हातात देण्याआधी दोन-तीन दिवस आपल्यासोबत फिरवू द्यावे आणि कुत्राच काय सांगतो ते बघावे. शेपूट जात विचारत नाही.

मालकानेही विश्वासू असले पाहिजे, हे कुणी बोलत नाही. कुत्रा आधी कुणाला चावला असेल तर ते लपवू नये. रेबीजची लस दिल्याचे कार्ड दाखवावे. जनावरांच्या डॉक्टरचा नंबर द्यावा. मोबदला आधी ठरवावा आणि ठरल्या दिवशी द्यावा.

काम करणाऱ्याने या गोष्टी मागून घ्याव्यात, त्यात संकोच नको. भारतीय न्याय संहितेचे कलम 291 लक्षात ठेवा. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने निष्काळजीपणा केला तर तो गुन्हा आहे. म्हणजे दोर तुमच्या हातात असताना कुत्रा कुणाला चावला तर बोट तुमच्याकडे येऊ शकते. म्हणून कुत्र्याचा स्वभाव आधी विचारा. तुम्हालाच चावला तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका. लशीचे सगळे डोस पूर्ण करा. दवाखान्याचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च कोण देणार, हे कामाच्या आधी लिहून घ्या. घरकाम करणाऱ्यांसाठी राज्यात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. आपल्या आया-बहिणींपैकी किती जणींची तिथे नोंदणी झाली आहे, ते प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत विचारावे.

वतनात लिहिलेले काही नव्हते. जे होते ते 'चालत आलेले' होते. म्हणून चार ओळी का होईना, लिहून घ्या.

त्या पोराचे काय झाले?

त्याने निरोपाला उत्तर दिले. मी त्याला फक्त शुद्धलेखन तपासून दिले. घरचा उल्लेख त्याने केला नाही. लिहिले ते असे : जनावरे सांभाळायचा अनुभव आहे. सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेसहाला येईन. इतके रुपये रोज, अर्धे आधी. कुत्रा चावल्यास औषधाचा खर्च तुमचा. दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला आणि काम मिळाले.

आठ दिवसांनी ते कुटुंब परतले, कुत्रा ठणठणीत होता, पैसे पूर्ण मिळाले. पोरगा विहारात आला तेव्हा मी विचारले, कसे वागले लोक? तो म्हणाला, "चांगले वागले दादा. चहा पण दिला." मग थोडा थांबून म्हणाला, "कुत्र्याचं भांडं स्टीलचं होतं, त्याच्यावर त्याचं नाव होतं. मला चहा कागदी ग्लासात दिला. त्यांनी स्वतः कपात घेतला."

त्यांच्या मनात काय होते, हे मी सांगू शकत नाही. कदाचित भांडी घासायचा कंटाळा असेल. कदाचित प्रवासातून आल्यावर हाताशी तेच असेल. पुराव्याशिवाय आरोप करू नये, हे मी वरच लिहिले आहे. पण तो ग्लास त्या पोराच्या ध्यानात राहिला, आणि का राहिला, हे ज्याने इतिहास वाचला त्याला सांगायला नको.

मी विचारले, पुन्हा बोलावले तर जाशील का?

"जाईन ना. काम चांगलं आहे, कुत्रा पण चांगला आहे. पण आता अटी चार नाही लिहिणार," तो म्हणाला. "पाच लिहीन."

विश्वासू माणसे या देशात कधीच कमी नव्हती. वेशीवर, पागेत, बंगल्यावर ती पिढ्यान्पिढ्या उभी होती. कमी होती ती त्यांच्या हातातली लेखणी. ती बाबासाहेबांनी दिली आहे. आता अटी आपण लिहायच्या.

जय भीम! जय संविधान!